चेहरा वाचणं कोणाचं काम?



१८६७ साली चार्ल्स डार्विनने देशोदेशीच्या निरीक्षकांना एक प्रश्नावली पाठवली. प्रश्न १६ होते. नवल वाटलं की माणसं डोळे विस्फारतात का, शरम वाटली की लाल होतात का, अशा धर्तीचे. जगाच्या पाठीवर सगळी माणसं आपल्या भावना सारख्याच रीतीने दाखवतात का, हे त्याला पाहायचं होतं. ३६ जणांनी उत्तरं धाडली. त्यांच्यातला एक निरीक्षक होता मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, एच. अर्स्किन नावाचा. त्याने लोकांचे चेहरे नीट न्याहाळले, पण ठाम काही सांगणं त्याला फार जड गेलं. कारण युरोपियन माणूस समोर असला की इथली माणसं आपली भावना सवयीनेच झाकून टाकत. डार्विनने १८७२च्या आपल्या ग्रंथात ही अडचण जशीच्या तशी नोंदवली आहे.

नगरच्या त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. पण ती साहेबाचा चेहरा किती बारकाईने पाहत असतील याचा अंदाज करता येतो. साहेब खुशीत आहे की वैतागलेला, यावर ज्यांचं बरंच काही ठरत होतं, त्यांना ते पाहणं भागच होतं. साहेबाला मात्र त्यांचे चेहरे उलगडत नव्हते, आणि डार्विनची प्रश्नावली हातात पडेपर्यंत त्यावाचून त्याचं काही अडलंही नसावं.

'बायकांना चेहरा बरोबर कळतो' हे आपण इतक्या सहज म्हणतो, की कोण कोणासमोर उभं आहे हे विचारायचं राहूनच जातं. आजच्या व्याख्यानात तेवढंच विचारायचं आहे.

लोकांचा हा समज खोटा नाही, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ हॉल यांनी १९७८ साली तोवरचे ७५ अभ्यास एकत्र करून तपासले. चेहरा, देहबोली, आवाजाचा सूर यांवरून दुसऱ्याची भावना ओळखण्यात बायका सरासरीने पुढे होत्या. त्या काळात रॉबर्ट रोझेन्थाल यांच्यासह हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कसोटीही तयार केली होती. एका तरुणीच्या चित्रणाचे आणि आवाजाचे २२० तुकडे, प्रत्येक तुकडा दोन सेकंदांचा. काहींत फक्त चेहरा, काहींत मानेखालचं शरीर, काहींत शब्द कळू नयेत असा बदलून टाकलेला आवाज. ती काय करते आहे, माफी मागते आहे की तक्रार करते आहे, हे दोन पर्यायांतून निवडायचं. या कसोटीतही बायका पुढेच राहिल्या. मॅक्लूर यांनी २००० साली लहान मुलांवरचे अभ्यास एकत्र केले. तिथेही मुली पुढे, पण थोड्याच.

ही आघाडी किती मोठी आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. २०१४ साली थॉम्पसन आणि वॉयर या दोघांनी २१५ नमुन्यांमधले ५५१ निकाल एकत्र केले. स्त्री-पुरुषांतल्या सरासरी फरकाचं त्यांचं माप निघालं ०.१९. या आकड्याचा व्यवहारातला अर्थ समजून घेण्यासारखा आहे. रस्त्यावरून जाणारी कोणतीही एक बाई आणि कोणताही एक पुरुष घ्या, दोघांना एकच कसोटी द्या, आणि अशा १०० जोड्या तपासा. साधारण ५५ जोड्यांत बाई पुढे असेल आणि ४५ जोड्यांत पुरुष. बाई आणि पुरुष यांच्यात कसलाच फरक नसता, तर आकडा ५० आणि ५० आला असता. सगळा फरक या मधल्या पाच जोड्यांचा. ज्या घरात नवरा बायकोपेक्षा चेहरे चांगले ओळखतो अशी घरं मग विरळा कशी म्हणायची? जवळजवळ निम्मी भरतील. तरीही 'पुरुषांना यातलं काही कळत नाही' हे वाक्य लग्नाच्या मांडवापासून दूरचित्रवाणीच्या मालिकांपर्यंत बिनदिक्कत फिरतं. आणि पुरुषही ते खुशाल मान्य करतात, कारण त्यात त्यांची सोय आहे.

फरक लहान आहे, पण सर्वदूर आहे, हेही खरं. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांची डोळ्यांवरून मन ओळखण्याची एक प्रसिद्ध कसोटी आहे. ३६ छायाचित्रं, प्रत्येकात फक्त डोळ्यांची पट्टी, आणि खाली चार शब्द. त्यांतला नेमका शब्द निवडायचा. २०२२ साली ५७ देशांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांचे निकाल प्रसिद्ध झाले. ३६ देशांत बायकांचे सरासरी गुण ठळकपणे जास्त होते, २१ देशांत दोघांचे सारखे, आणि पुरुष पुढे आहेत असा एकही देश निघाला नाही. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून आलेला निकाल सहजी झटकता येत नाही. पण या कसोटीवरचे आक्षेपही लक्षात ठेवले पाहिजेत. छायाचित्रं नियतकालिकांतून कापलेली आहेत. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात खरोखर काय होतं, हे कोणालाच ठाऊक नाही. जाणकारांच्या बहुमताने जे ठरलं ते बरोबर उत्तर. शिवाय ज्याचा शब्दसंग्रह चांगला, त्याला गुण जास्त मिळतात. म्हणजे डोळ्यांबरोबर भाषेचीही परीक्षा होते.

मग बायकांची आघाडी नेमकी कुठे दिसते? जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली चांगला उपाय शोधला. त्यांनी एकाच चेहऱ्यावरची भावना पायरीपायरीने तीव्र करत नेली. राग पूर्ण उमटलेला असेल, भीतीने डोळे पुरते फाटलेले असतील, तर स्त्री-पुरुष दोघेही सारखेच बरोबर ठरले. भावना अर्धवट उमटलेली असेल, नुसती कपाळावर आठी चढू लागलेली असेल, तेव्हा बायका पुढे गेल्या. हा निकाल फार बोलका आहे. संताप पेटल्यावर तो कोणालाही दिसतो. तो पेटण्याआधी ओळखायची गरज कोणाला असते, हा पुढचा प्रश्न.

त्याचं एक उत्तर निसर्गाकडे बोट दाखवतं. मूल बोलू शकत नाही, त्याचा चेहराच बोलतो. ज्या बाईला तो लवकर कळला तिचं मूल जगलं, आणि ती नजर पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असा हा विचार आहे. १९८५ साली बॅबचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांच्या चेहऱ्यांवर हे तपासलं. बायका जास्त अचूक होत्या आणि जास्त वेगवानही, मग त्यांनी आयुष्यात मुलं सांभाळलेली असोत वा नसोत. या म्हणण्यात तथ्य असू शकतं. पण जन्मजात फरकाचा पुरावा म्हणून जे सगळ्यात जास्त मिरवलं जातं, ते मात्र डळमळीत आहे. २००० साली १०२ नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. मुलींनी माणसाच्या चेहऱ्याकडे आणि मुलग्यांनी टांगलेल्या हलत्या वस्तूकडे जास्त पाहिलं असा निष्कर्ष निघाला. तो चेहरा स्वतः संशोधिकेचाच होता, आणि काही बाळांच्या बाबतीत मुलगा की मुलगी हे तिला आधीच कळण्याजोगं होतं. पुरुषी संप्रेरकाचीही अशीच गत झाली. टेस्टोस्टेरॉनच्या एका मात्रेने बायकांची डोळ्यांच्या कसोटीतली कामगिरी घसरली, असं २०११च्या एका लहान प्रयोगात दिसलं होतं. २०१९ साली ६४३ पुरुषांवर चाचणी झाली, तेव्हा तसा परिणाम सापडला नाही.

दुसरं उत्तर संगोपनाचं. अमेरिकेत रॉबिन फिवूश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडील मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात, याच्या ध्वनिफिती तपासल्या. मुलींशी बोलताना भावनांचे शब्द जास्त येत, दुःखाबद्दलचं बोलणं तर खासच. आपल्याकडे पडलेल्या मुलीला 'लागलं का गं?' विचारलं जातं आणि पडलेल्या मुलग्याला 'मुलीसारखा रडतोस काय?' असं दटावलं जातं. हे ऐकायला ध्वनिफितीची गरज नाही, कोणत्याही बागेत अर्धा तास बसलं तरी पुरे. एका मुलाला दुःखावर बोलायचा रोज सराव मिळतो आणि दुसऱ्याला त्यावरून नजर फिरवायचा. वीस वर्षांनी ५५ आणि ४५ एवढाच फरक पडतो, याचंच खरं तर नवल करायला हवं.

तिसरं उत्तर आपल्याला नगरच्या त्या माणसांकडे नेतं. सारा स्नॉडग्रास यांनी १९८५ साली एक साधा प्रयोग केला. दोन-दोन माणसांच्या जोड्या केल्या. काही दोघी बायकांच्या, काही दोघा पुरुषांच्या, काही मिश्र. प्रत्येक जोडीत एकाला पुढाऱ्याची भूमिका, दुसऱ्याला हाताखालच्याची. मग एकमेकांच्या मनात काय चाललं आहे हे कोणी जास्त अचूक ओळखलं ते पाहिलं. स्त्री की पुरुष याने फरक पडला नाही. भूमिकेने पडला. हाताखाली असलेल्याने वरच्याचं मन जास्त ओळखलं. पुरुषाला हाताखाली बसवलं की बायकांची म्हणून सांगितली जाणारी अंतःप्रेरणा त्याच्यातही जागी झाली.

हे पटायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. कोणत्याही सरकारी कचेरीत साहेबांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी माणूस बाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला हळूच विचारतो, 'साहेबांचा मूड कसा आहे?' शिपाई पुरुष असतो, आणि त्याचं उत्तर सहसा चुकत नाही. एकत्र कुटुंबातली नवी सून पहिल्या काही महिन्यांत सासूच्या कपाळावरची प्रत्येक रेघ ओळखायला शिकते. पाहणारीही बाई, जिच्याकडे पाहायचं तीही बाई. पण सुनेला सासूचा चेहरा जेवढा पाठ होतो, तेवढा सासूला सुनेचा होत नाही. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला उंबऱ्यातच कळतं की आज घरात काहीतरी बिनसलं आहे. तिच्या स्वतःच्या घरी काय बिनसलं आहे हे मालकिणीला महिनाभर कळत नाही.

इथे घाई केली तर मात्र विषयावर अन्याय होईल. ज्युडिथ हॉल यांनीच पुढे, १९९७ साली, हे गृहीतक तपासलं. स्वभावाने नमतं घेणारी किंवा खालच्या पायरीवरची माणसं चेहरे ओळखण्यात एरवी सरस असतात, याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. स्नॉडग्रास यांच्या १९९२च्या प्रयोगातही चित्र जरा वेगळं झालं. हाताखालच्यांना 'वरच्याचं माझ्याबद्दल काय मत आहे' हे चांगलं कळत होतं. वरच्यांना मात्र 'हा स्वतःकडे कसा पाहतो' हे जास्त कळत होतं. याचा अर्थ सत्तेमुळे नजर सरसकट धारदार वा बोथट होते असं म्हणता येत नाही. नजर कशाच्या शोधात राहणार, हे ती ठरवते. ज्याचं पोट समोरच्याच्या मर्जीवर आहे तो मर्जी शोधतो.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट १९७९ साली रोझेन्थाल आणि बेला डीपॉलो यांनी दाखवली. बायकांची आघाडी चेहऱ्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी होती. चेहऱ्याकडून शरीराकडे, शरीराकडून आवाजाच्या सुराकडे जावं तशी ती घटत गेली. चेहरा माणसाच्या ताब्यात असतो, सूर तेवढा नसतो. समोरच्याने दाखवायचं ठरवलेलं बायकांनी जास्त पाहिलं. नकळत निसटलेलं टिपण्यात त्यांची सरशी कमी होती. यावर त्या दोघांचं म्हणणं असं, की हा सौजन्याचा भाग आहे. दुसऱ्याने झाकलेलं उघडं पाडायचं नाही, हे बायकांना शिकवलेलं असतं. कदाचित म्हणूनच खोटं पकडण्यात बायकांना आघाडी मिळत नाही. तिथे बहुतेक सगळीच माणसं जेमतेम नाणेफेकीइतकी बरोबर असतात. २००६च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात सरासरी ५४ टक्के आली होती.

आता या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. टेक्सासमध्ये विल्यम इक्स दोन माणसांच्या संभाषणाचं चित्रण करून, त्या त्या क्षणी मनात काय आलं हे एकाला लिहायला लावत आणि दुसऱ्याला ते ओळखायला सांगत. त्यांच्या लक्षात आलं, की काही प्रयोगांत बायका पुढे जातात आणि काहींत कोणताच फरक दिसत नाही. इक्स, गेस्न आणि ग्रॅहम यांनी २००० साली त्याचं कारण शोधलं. सहभागी लोकांना 'इथे आपली दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता जोखली जाते आहे' असं जाणवलं की फरक दिसे, एरवी मिटून जाई. मनाची पारख हे आपलं क्षेत्र आहे असं बायकांना वाटत आलेलं, म्हणून त्या जोर लावत. पुरुषांना तसं वाटत नव्हतं.

लगेच पुढच्या वर्षी, २००१ साली, क्लाइन आणि हॉजेस या दोन संशोधिकांनी त्यावर कडी केली. एक विद्यार्थिनी आपल्या अभ्यासातल्या अपयशाबद्दल बोलते आहे, असं चित्रण त्यांनी लोकांना दाखवलं आणि तिच्या मनात काय चाललं असेल ते लिहायला सांगितलं. तिच्याबद्दल सहानुभूती वाटते का, हे आधी विचारलं तर बायका पुढे गेल्या. मग त्यांनी एक बदल केला. अचूक उत्तराला पैसे देऊ केले. दोघांचेही गुण वाढले आणि स्त्री-पुरुषांतला फरक उरलाच नाही.

पैशाने नवे डोळे फुटत नाहीत. जे पुरुष पैशासाठी त्या मुलीचं दुःख ओळखू शकले, त्यांना ते आधीही दिसण्याजोगं होतं. त्यांनी पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच. २००८ साली थॉमस आणि मायो यांनी पुरुषांना सांगितलं, की दुसऱ्याचं मन जाणणारे पुरुष बायकांना आवडतात. त्यांची अचूकताही काही परिस्थितींत वाढली. या प्रयोगांनंतर 'मला बायकांसारखं कळत नाही' ही सबब घरात, कचेरीत, कुठेही चालवून घेऊ नये. एका माणसाने पाहायचं सोडलं तर पाहण्याचं सगळं काम दुसऱ्यावर येऊन पडतं. मुलगा शाळेतून तोंड पाडून आला आहे, सासऱ्यांचं काहीतरी दुखतं आहे पण ते बोलत नाहीत, धाकट्या नणंदेचं सासरी काही ठीक नाही, हे सगळं घरात एकाच व्यक्तीच्या ध्यानात यायचं आणि तिनेच निस्तरायचं. त्या कामाला अंतःप्रेरणा म्हटलं की त्याची मोजदाद थांबते.

आतापर्यंत पाहणाऱ्याबद्दल बोलणं झालं. ज्याचा चेहरा पाहिला जातो तोही स्त्री किंवा पुरुष असतोच, आणि तिथे सगळेच चुकतात. १९७६ साली कॉन्ड्री पती-पत्नींनी दोनशेहून जास्त प्रौढांना एका बाळाचं चित्रण दाखवलं. डबीतून एकदम बाहुली उसळते आणि बाळ बिथरतं. बाळ एकच, चित्रण एकच. ज्यांना तो मुलगा आहे असं सांगितलं होतं त्यांना त्याच्या तोंडावर राग दिसला, आणि मुलगी सांगितलेल्यांना भीती. पुढे २००९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलिझा ब्लिस-मोरो यांनी मोठ्या माणसांचे चेहरे घेऊन तेच वेगळ्या रीतीने दाखवलं. त्रासलेल्या चेहऱ्यासोबत त्रासाचं कारणही दिलेलं होतं. तरी बाई असली की लोक म्हणत, ती मुळातच भावनाप्रधान आहे. पुरुष असला की म्हणत, त्याचा आज दिवस वाईट गेला.

याची खरी किंमत दवाखान्यात मोजावी लागते. २०२१ साली एलिझाबेथ लोसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांदेदुखीच्या खऱ्याखुऱ्या रुग्णांची चित्रणं लोकांना दाखवली. कोणत्या रुग्णाने आपली वेदना किती सांगितली आणि त्याच्या चेहऱ्याचे कोणते स्नायू किती आवळले, हे दोन्ही मोजून ठेवलेलं होतं. म्हणजे वेदना किती दिसत होती हा तर्काचा मुद्दा राहिला नव्हता. तितकीच वेदना चेहऱ्यावर असूनही बाईची वेदना कमी धरली गेली. पाहणाऱ्या पुरुषांनी तसं केलं आणि पाहणाऱ्या बायकांनीही. वर, पुरुषाला औषधाने बरं वाटेल आणि बाईला मानसोपचाराने, असाही लोकांचा कल दिसला. चेहरे ओळखण्यात सरासरीने पुढे असणाऱ्या बायका, बाईच्याच चेहऱ्यावरची वेदना ओळखताना चुकल्या. ५५ आणि ४५चा मघाचा हिशोब इथे कामाला येत नाही.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्यं आणि रुग्णाशी संवाद यांना स्वतंत्र जागा मिळाली आहे. खांदेदुखीचा तो प्रयोग तिथे विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल. पहिल्यांदा प्रत्येकाने चित्रणं पाहून वेदनेला गुण द्यावेत, मग रुग्णाने स्वतः दिलेले गुण पाहावेत, आणि बाईच्या रकान्यात आपला आकडा किती खाली गेला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. क्लाइन आणि हॉजेस यांनी देऊ केलेल्या पैशांच्या जागी इथे परीक्षेचे गुण आहेत. रुग्णाची वेदना अचूक ओळखण्याला प्रात्यक्षिक परीक्षेत दहा गुण ठेवले, तर ते मिळवायला मुलगे आणि मुली दोघेही पाहायला लागतील.